बरणीवरचे आकडे आणि गाड्यावरचा रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाकीटबंद खाण्यातल्या रसायनांनी कर्करोग होतो, या विषयावर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या बरंच लिहून येत आहे. उदगीरला आमचं किराणा दुकान आहे, त्यामुळे या चर्चेतला निम्मा माल माझ्याच फळीवर मांडलेला असतो. विकणारा माणूस मालाबद्दल बोलायला लागला की ऐकणारा सावध होतो, आणि व्हायलाच पाहिजे. तरीही लिहितो, कारण भीती चुकीच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली आहे असं मला वाटतं.

आधी त्या मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या. पाकिटावरचे आयएनएस क्रमांक, म्हणजे खाण्यात घातलेल्या रंग-रसायनांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, देऊन खाली ‘हे विष आहे, लेकरांना देऊ नका’ असं लिहिलेलं असतं. त्यातले कित्येक क्रमांक आपल्या घरातलेच निघतात. १०० म्हणजे कुरकुमिन, वसमतच्या हळदीचा पिवळेपणा त्याचाच. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ५०० च्या घरात खायचा सोडा येतो. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक सोयाबीनपासून काढतात, आणि सोयाबीनला भिऊन लातूर जिल्ह्यात राहायचं म्हणजे अवघडच आहे. ३३० तर साधं सायट्रिक अ‍ॅसिड, लिंबात असतं ते. या ३३० ची बदनामी आजची नाही. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एका कर्करोग रुग्णालयाच्या नावाने पत्रक निघालं, त्यात हाच क्रमांक सगळ्यांत घातक म्हणून छापला होता. रुग्णालयाने ‘हे आमचं नाही’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी लोक त्याच्या प्रती काढून वाटतच राहिले. तेव्हा तर व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं.

म्हणून सगळंच निर्धोक आहे असं मात्र मुळीच नाही. पोटॅशियम ब्रोमेटचं उदाहरण घ्या. पाव फुगावा म्हणून ते पिठात घालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, जिचं कार्यालय फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे, १९९९ मध्येच त्याला ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ असलेल्या गटात टाकलं होतं. आपल्याकडे ते बंद झालं २०१६ च्या जूनमध्ये, तेही दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातले पाव तपासून अहवाल काढल्यावर. तोवर तो पाव कायद्याने बिनधोक होता. एरिथ्रोसिन हा लाल रंग, क्रमांक १२७, उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी झाल्याच्या जुन्या पुराव्यावरून अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परवानगीतून काढला. आपल्या परवानगीच्या यादीत तो आहे. पदार्थ पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते टायटॅनियम डायऑक्साइड, क्रमांक १७१, युरोपने २०२२ मध्ये खाण्यातून हद्दपार केलं. ‘परवानगी आहे’ याचा अर्थ ‘आजच्या तारखेला परवानगी आहे’ एवढाच घ्यावा.

त्या लिऑनच्या संस्थेच्या गटांबद्दल मात्र पेपरवाल्यांकडून वारंवार गफलत होते, राग मानू नका. पुरावा किती पक्का आहे हे गट सांगतो. धोका किती मोठा आहे हे तो सांगत नाही. प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी वगैरे, २०१५ पासून पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पक्का पुरावा असलेल्या गटात आहे. तंबाखूही पहिल्याच गटात. पण रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा अंदाज आहे. तंबाखूने तोंडाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका किती पटींनी वाढतो ते कर्करोगाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. गोडव्यासाठी वापरतात ते अ‍ॅस्पार्टेम जुलै २०२३ मध्ये ‘शक्यता’ या गटात गेलं आणि मोठी ओरड झाली. त्याच आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला नऊ ते चौदा डबे डाएट कोला प्यायला तर ती ओलांडली जाईल, असं त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे डाएट कोला मागणारं गिऱ्हाईक अजून उगवायचं आहे.

आता माझ्या फळीवरचं खरं दुखणं सांगतो. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं, मराठीची सक्ती नाही. त्यातून पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर घटकांची यादी त्यावर छापायचीच गरज नाही, बाहेरच्या मोठ्या पॅकवर असली की झालं. म्हणजे रुपयाची गोळी घेणाऱ्या लेकराला किंवा त्याच्या आईला त्या गोळीत कुठला रंग आहे हे कधीच दिसत नाही. ते लिहिलेलं असतं बरणीवर, आणि बरणी असते माझ्या बाजूला. सगळ्यांत जास्त रंग ज्या मालात, सगळ्यांत लहान गिऱ्हाईक ज्या मालाचं, नेमकी त्यालाच सूट! अन्न सुरक्षा प्राधिकरणाला एकच गोष्ट मागायची तर मी ही सूट काढायला सांगेन.

पण निदान बरणी तरी आहे. जिथे बरणीच नाही तिथलं काय? सुटी पिवळीजर्द बॉबी, जिलेबी, बुंदी, बर्फाचा गोळा, म्हातारीचे केस, आणि संध्याकाळी ट्यूशनच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरचं लालभडक मंचुरियन. लातुरात शिकायला आलेली हजारो पोरं मेसचा कंटाळा आला की याच गाड्यांवर जेवतात. आपल्या देशात खाण्याच्या कृत्रिम रंगांपैकी मोजक्या आठांनाच परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. हळद, तिखट, डाळ यांत तर एकही रंग चालत नाही. गाडीवाल्याकडे ना काटा, ना यादी. कागदाच्या पुडीतला रंग चिमटीने पडतो.

उदगीरहून बिदर हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये घातक कृत्रिम रंग सापडले. म्हातारीच्या केसांच्या २५ नमुन्यांपैकी १५ तसलेच. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये त्यांनी अशा रंगांवर बंदी जाहीर केली. ऱ्होडामिन-बी हा त्यांत सापडलेला गुलाबी रंग कापडासाठी वापरतात. मजा अशी की तो खाण्यात घालायला देशभरात आधीपासूनच मनाई आहे. कर्नाटकने नवं केलं ते एवढंच की नमुने घेतले, आकडे लोकांपुढे ठेवले आणि मंत्र्यांनी ते माइकवरून सांगितलं. या ऱ्होडामिनने माणसाला कर्करोग होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, लिऑनच्या यादीत तो ‘ठरवता येत नाही’ अशा गटात आहे. पण कापडाचा रंग पोटात जाऊ नये, यासाठी सिद्धतेची वाट कशाला बघायची?

पाकीटबंद खाण्याबद्दल फ्रान्समध्येच एक मोठी पाहणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे १ लाख ५ हजार लोकांच्या खाण्याची नोंद ठेवली, तेव्हा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचं आहारातलं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की कर्करोगाचं प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी जास्त दिसलं. आता यातलं किती रसायनामुळे, किती साखर-तेलामुळे आणि किती भाजी-भाकरी ताटातून गेल्यामुळे, हे अशा पाहणीतून वेगळं काढता येत नाही. आईबापांनी त्यातून घ्यायचं ते घ्यावंच. मी माझ्या घरात घेतलं आहे.

आणि ज्याचा पुरावा शंभर टक्के आहे त्याचं काय? गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि ती अन्न सुरक्षा कायद्याखालीच आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी ही खाण्याच्या वस्तूवरची बंदी आहे. तंबाखू पहिल्या गटात आहे, आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीला तोंड उघडता न येणारे रुग्ण बघा, त्यातले किती जण बिस्किटामुळे आले असतील? तरी अजिनोमोटोवर तावातावाने बोलणारे आमचे काही गिऱ्हाईक बोलता बोलता पुडी फोडतात. ती माझ्या दुकानातली नसते, पण उदगीरमध्ये ती कुठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझ्या दोन मागण्या आहेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कुठलाही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि पदार्थ कायद्यात बसत नसेल तर फी परत मिळते. ही फी किती, लातूर-नांदेडच्या माणसाने नमुना कुठे द्यायचा, पावती कोण देणार, हे आपल्या वार्ताहराने अन्न व औषध प्रशासनाला विचारून एकदा ठळक छापावं. माझ्या दुकानातला माल कुणी तपासायला नेला तर माझी हरकत नाही, बिल मी देईन.

दुसरं म्हणजे सणासुदीला ‘खवा पकडला, रंग पकडला’ अशा बातम्या फोटोसकट येतात. त्या नमुन्यांचं पुढे काय झालं हे वाचल्याचं मला आठवत नाही. कायद्याने विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायला पाहिजे. माळेगावच्या यात्रेत किंवा दिवाळीत घेतलेल्या प्रत्येक नमुन्याची तारीख लिहून ठेवा, पंधराव्या दिवशी अधिकाऱ्याला फोन लावा, आणि जे उत्तर मिळेल ते, ‘अहवाल प्राप्त नाही’ असं असलं तरी, त्याच पानावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

आपला,
एक किराणा दुकानदार
उदगीर, जि. लातूर