बंड्याला पाण्यात उतरू द्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आपल्या कुत्रोबाचा, बंड्याचा, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. तुम्ही म्हणता तसा तो चालतोय खरा, पण वळताना मागचा डावा पाय अलगद उचलून धरतो. त्या पायाची नखं बघा, बाकीच्या पायांपेक्षा वाढलेली दिसतील; जमिनीला घासतच नाहीत ना! दोन्ही मांड्या हाताने चाचपून पाहिल्यात तर डावी बारीक लागेल. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन चांगलं झालंय, पण पाय वापरलाच नाही तर स्नायू झडत जातात. म्हणून डॉक्टरांनी हायड्रोथेरपी, म्हणजे पाण्यात करून घ्यायचा व्यायाम, सांगितली आहे. ती टाळू नका, एवढंच सांगायला लिहायला बसले.

आई, एवढ्या दुखऱ्या जिवाला पाण्यात कशाला घालायचं, हा तुझा प्रश्न मला मनापासून पटतो. पण टाके निघालेत, जखम पूर्ण भरलीय आणि सर्जननी परवानगी दिलीय, मगच हे करतात. काचेच्या टाकीत तळाशी सरकता पट्टा असतो. कुत्र्याला त्यावर उभं करून साधारण 30 अंशांचं कोमट पाणी हळूहळू भरतात. पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचं जवळपास 91 टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत आलं की 85 टक्के, आणि कमरेच्या सांध्यापर्यंत भरलं की फक्त 38 टक्के. म्हणजे जो पाय तो भीतीने टेकवत नाही, तो तिथे टेकवायला धजावतो. शिवाय पाणी कापत पाय पुढे टाकायचा म्हणजे स्नायूंना काम पडतं, आणि पाण्याच्या दाबाने सूजही उतरायला मदत होते. सुरुवातीला तो तीन पायांवरच चालेल. पट्टा अगदी सावकाश केला की चौथा पाय खाली येतो, आधी नुसती बोटं, मग सगळा पंजा. ते बघायला तुम्ही काचेसमोर उभे राहा, तुमच्याकडे बघत तो चालेल.

बाबा, तळ्यावर नेऊन पोहवायचं मात्र मनातून काढून टाका. काठ निसरडा, पाणी गार, आणि बंड्या उडी मारल्याशिवाय राहणार नाही. पोहताना कुत्री मुख्यतः पुढच्या पायांनी पाणी मारतात, दुखरा पाय पोटाशी घेऊनही पुढे जातात. पोहण्यात गुडघा छान वाकतो, पण चालताना होतो तितका सरळ होत नाही. आत्ता त्याला चालायलाच शिकायचंय.

जायच्या आधी दोन-तीन तास खायला देऊ नका, शी-शू उरकून न्या. जुलाब, ताप किंवा कातडीवर काही उठलेलं असेल तर त्या दिवशी नकोच. पहिल्यांदा चार-पाच मिनिटंच चालवलं तरी पुरे, आणखी थोडं चालवा असा आग्रह धरू नका. दम लागला, पाय अडखळायला लागले की थांबवायचंच. दुसऱ्या दिवशी जास्त लंगडला तर पुढच्या वेळी तिथल्या ताईंना आवर्जून सांगा, त्या वेळ कमी करतील. घरी आणलं की पंजे आणि कान नीट कोरडे करा.

आणि बाबा, गाडीत चढवताना त्याला एकट्याने उचलू नका. तुमच्या कमरेचीही मला तितकीच काळजी आहे. पोटाखालून टॉवेल घालून मागची बाजू उचलून धरा, पुढून कुणाला तरी आधार द्यायला लावा. फरशीवर सतरंज्या अंथरा, सोफ्यावर चढू देऊ नका. आई, तो केविलवाणा बघतो म्हणून तुझ्या हातातला घास त्याला जातो, ठाऊक आहे मला. वाढलेलं प्रत्येक किलो त्या गुडघ्यावरच येणार गं.

एक काम तुझ्याकडे. शिवणकामाची टेप घेऊन दर रविवारी दोन्ही मांड्यांचं माप घे, दर वेळी एकाच जागी, तो उभा असताना, आणि वहीत लिहून ठेव. डावीचा आकडा वाढला की लगेच फोन कर, मी ऑफिसात असले तरी उचलेन.

तुमची,
मनू