शनिवारची बैठक: ज्युडिथ बटलर

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्याच खोलीत जमायचं आहे. विषय: बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवलेल्या तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांचं लेखन आणि त्याला मिळालेला प्रतिसाद.

वाचून यायचं ते 'जेंडर ट्रबल'चं (१९९०) पहिलं प्रकरण, तेवढंच. लिंगभाव (जेंडर, म्हणजे बाईपण-पुरुषपण) हा आत दडलेला गाभा नाही, तो पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून घडत जातो, ही मांडणी तिथूनच सुरू होते. वाक्यं लांबलचक आहेत, एका बैठकीत उरकू नका.

याच शैलीवरून १९९८ मध्ये एका नियतकालिकाच्या 'वाईट लेखन' स्पर्धेत बटलर यांच्या वाक्याला पहिला क्रमांक दिला गेला. पुढच्या वर्षी बटलर यांनी वृत्तपत्रातून उत्तर दिलं: रुळलेल्या समजुतींना धक्का द्यायचा तर भाषाही सोपी राहत नाही. २०१२ मध्ये फ्रँकफर्टचा, तत्त्वज्ञ आडोर्नो यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, तोही वादासकट; इस्रायलवरील टीकेमुळे विरोध झाला होता. मला विचाराल तर स्पर्धेत चेष्टाच जास्त होती. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा.

लक्षात असू द्या:
- प्रत्येकाने न कळलेलं एक वाक्य खूण करून आणायचं.
- बटलर स्वतःला नॉन-बायनरी, म्हणजे केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष या चौकटीबाहेरचे, म्हणवतात. चर्चेत 'बाई', 'मॅडम' नको, नुसतं 'बटलर' पुरे.
- कुणाच्याही खासगी आयुष्याबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत.

येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, खुर्च्या मांडायच्या असतात.

– संयोजक