‘ऑल माउंटन’ म्हणून विकलेल्या स्कीबद्दल तक्रार

दि. १८ फेब्रुवारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मागणीपेक्षा वेगळ्या प्रकारची स्की ‘ऑल माउंटन’ सांगून विकल्याबद्दल व बाइंडिंग चुकीचे बसवून दिल्याबद्दल.

महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या पुण्यातल्या दुकानातून मी १२ नोव्हेंबरला बाइंडिंगसह (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा खटका) स्कीचा एक जोड घेतला. किंमत ६२,५०० रुपये. माझ्या पहिल्या ईमेलला तुमच्या कार्यालयाकडून चार ओळींचं उत्तर आलं: मालात दोष नाही, पावडरमध्ये (ताज्या भुसभुशीत बर्फात) स्की बुडणं हे चालवणाऱ्याच्या तंत्रावर अवलंबून असतं, आणि वापरलेला माल परत घेतला जात नाही. ते उत्तर लिहिणाऱ्याने माझा ईमेल वाचलेला नाही असं मला वाटतं. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एक गोष्ट मान्य करते. स्की सदोष आहे असं माझं म्हणणंच नाही. स्की उत्तम आहे. फक्त मी ती मागितली नव्हती.

मी नाशिकची, वय ५३. गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटनिअरिंगमध्ये शिकले आणि नंतरचे तीन हिवाळे भाड्याच्या स्कीवर काढले. यंदा स्वतःचा जोड घ्यायचा ठरवला, तेव्हा तुमच्या विक्रेत्याला व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं: ‘सकाळी मुलीबरोबर मशीनने दाबलेल्या उतारावर असते. ताजा बर्फ पडला की फेज टूला जाते. दोन जोड परवडणार नाहीत, दोन्हीकडे चालेल असा एकच द्या.’ (फेज टू म्हणजे गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, वरचा टप्पा.) यावर उत्तर आलं, ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका, हा ऑल माउंटन आहे, सगळीकडे चालतो.’ तो संवाद सोबत जोडला आहे.

‘ऑल माउंटन’ हा शब्द लग्नाच्या जाहिरातीतल्या ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष’सारखा झालाय. कुणालाही लावता येतो. खरं काय ते स्कीवरच छापलेलं असतं. माझ्या जोडावर ११९-७२-१०२ असे आकडे आहेत: टोकाशी, मध्ये बुटाखाली आणि शेपटीशी रुंदी किती, ती मिलिमीटरमध्ये. लांबी १५८ सेंटिमीटर आणि वळणाची त्रिज्या १३ मीटर. मधली रुंदी ७२ म्हणजे ही सरळसरळ दाबलेल्या उतारावर कार्व्हिंग करायची, म्हणजे कडेवर वळणं घ्यायची स्की. अरुंद कंबर, म्हणजे हाच बुटाखालचा भाग, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जाते आणि कडक बर्फात कड रुतते. सकाळी रात्रीच्या थंडीने टणक झालेल्या उतारावर मी तिचा आनंद घेतला हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या उत्तरात तुम्ही तेच माझ्याविरुद्ध वापराल.

दोन्हीकडे चालणारी म्हणजे साधारण ८५ ते १०० मिलिमीटर कमरेची. त्यातही गुलमर्गला जाणाऱ्याने वरच्या टोकाकडे झुकावं, कारण तिथे दाबलेले उतार थोडे आणि मोकळा बर्फ फार. टोक थोडं आधीपासूनच वर उचललेलं हवं, म्हणजे ते बर्फावर चढतं. बुटाखाली मात्र मधोमध वर उचललेली कमान हवी, म्हणजे कडक उतारावर कडेची पकड सुटत नाही. रुंद स्की कडेवर यायला वेळ घेते आणि टणक बर्फावर गुडघ्यांना ते जाणवतं. ही किंमत मोजायची माझी तयारी होती. फुकटात दोन्ही मिळत नाही एवढं कळतं.

स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर मला उलथनं हवं होतं, ज्याने पोळी उलटता येते आणि वेळ पडली तर कडेने वडीही पाडता येते. तुम्ही सुरी दिलीत. धार चांगली आहे, पण पोळी कशी उलटायची?

आता फेज टूचं. गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरीहून अफरवटला जातो, तिथे उंची ३,९०० मीटरच्या वर. आदल्या दिवशी आणि रात्रभर बर्फ पडला होता. पहिल्या तीन वळणांतच दोन्ही टोकं बर्फाखाली शिरली. टोकं वर यावीत म्हणून मागे रेलायला लागले आणि मांड्या पेटल्या. चौथ्या वळणाला मी तोंडावर पडले आणि डावी स्की निघून गेली. भुसभुशीत बर्फात निघालेली स्की वर दिसत नाही, ती खालून सरकत जाते. माझ्या गाइडने आणि मी काठीने बर्फ खोचत खोचत ती चाळीस मिनिटं शोधली. हातमोज्यांत शिरलेला बर्फ वितळून बोटं बधिर झाली होती. सापडली तेव्हा त्याने ती झटकली, आपली चार बोटं तिच्या कमरेवर आडवी ठेवली. स्की झाकली गेली. ‘मॅडम, ये तो नीचे वाली स्की है,’ एवढंच म्हणाला. तुमच्या दुकानात कुणाला हे चार बोटांचं माप सुचलं नाही.

तंत्राचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मी गुलमर्गमधून ९८ कमरेचा जोड भाड्याने घेतला. तोच उतार, तेच पाय, तेच तंत्र, तीच मी. टोकं वर राहिली. दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून मध्यावर उभं राहायचं, हे मला शिकवलेलं आहे आणि ९८वर ते जमलं. फरक २६ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक पायाखाली इंचभर. तो इंच विकत घ्यायला मी पुण्याला आले होते.

दुसरा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो, कारण त्यात मोडलं असतं ते माझं हाड. बाइंडिंग तुमच्याच वर्कशॉपमध्ये बसवून घेतलं. बूट मी सोबत आणून काउंटरवर ठेवले होते. माझ्या बुटाच्या टाचेच्या बाजूला तळव्याची लांबी कोरलेली आहे: २८५ मिलिमीटर. तुमच्या वर्कशॉपच्या चिठ्ठीवर २९३ लिहिलंय. बूट हातात असताना हा आकडा आला कुठून? शिवाय बाइंडिंग किती ताकदीला सुटावं ते वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि माणूस किती जोरात स्की करतो यावरून ठरतं. वयाची पन्नाशी उलटली की तो आकडा एक पायरी खाली आणायचा असतो. चिठ्ठीवर वयाचा आणि कौशल्याचा चौकोन रिकामा आहे. वय मला कुणी विचारलंच नाही. बाईला वय विचारू नये हा संकोच असेल तर तो इथे नको होता.

परिणाम असा की तिसऱ्या दिवशी तुमच्या जोडावर, दाबलेल्या सोप्या उतारावर, साध्या वळणात, उजवी टाच आपोआप सुटली. मागून मुलगी येत होती. ती मला चुकवून बाजूला गेली म्हणून थोडक्यात निभावलं. भाड्याच्या दुकानातल्या कारागिराने पाहिलं तर बाइंडिंगचा टाचेकडचा भाग बुटाला पुढे दाबतच नव्हता, कारण तो आठ मिलिमीटर मागे लावलेला होता. त्याने बाइंडिंग २८५ला आणलं, माझं वय विचारलं, स्क्रू फिरवला आणि पाचशे रुपये घेतले. दहा मिनिटांचं काम.

स्की विमानाने नेताना दिल्लीपर्यंतचं जादा सामानाचं भाडं विमान कंपनीने लावलं, तुम्ही नाही, म्हणून ते मागत नाही. माझ्या मागण्या एवढ्याच: हा जोड परत घेऊन ९५ ते १०० कमरेचा, पुढून उचललेल्या टोकाचा, साधारण माझ्या उंचीएवढा (१६२ सेंटिमीटर) जोड द्यावा, किमतीतला फरक इकडे-तिकडे करायला हरकत नाही. तसा जोड तुमच्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. चार दिवसांच्या भाड्याचे ४,८०० आणि कारागिराचे ५०० रुपये द्यावेत, दोन्ही पावत्या सोबत आहेत. नवं बाइंडिंग बसवताना बूट समोर ठेवून चिठ्ठी पूर्ण भरावी. आणि तुमच्या वेबसाइटवर या मॉडेलखालचा ‘ऑल माउंटन’ शब्द काढून कमरेची रुंदी लिहावी. हे शेवटचं माझ्यासाठी नाही, पण मागतेच आहे.

‘वापरलेला माल परत नाही’ हे बिलावर छापलंय, मी वाचलंय. पण स्की चालवून पाहिल्याशिवाय ती सांगितल्यासारखी नाही हे कळणार कसं? मालाचा प्रकार चुकीचा सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि त्याच कायद्यानुसार मी राहते तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात दाद मागू शकते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्कही नाही. तिथवर जायची मला हौस नाही. १५ दिवसांत उत्तर आलं तर जाणारही नाही.

दोन्ही स्की पुसून, कडांना गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवून पिशवीत भरून ठेवल्या आहेत. न्यायला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा. पिशवी लांब आहे, स्कूटरवर येऊ नये.

आपली,
नाशिकची ग्राहक

सोबत: बिलाची व वर्कशॉपच्या चिठ्ठीची प्रत, व्हॉट्सअॅप संवाद, भाड्याची व दुरुस्तीची पावती, बुटावरच्या आकड्याचा फोटो.