बाबांचे पाय पाहायला आलेल्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर प्रणाम.

बाबांच्या गोळ्यांचा ३ महिन्यांचा कोर्स मागच्या शनिवारी संपला आणि दुसऱ्याच दिवशी ते काठी न घेता वायंगणाच्या भातशेताच्या मेरेपर्यंत चालत गेले. परत आल्यावर त्यांनी विचारले, "त्या डॉक्टरबाईंना कळवलेस का?" म्हणून हे पत्र.

आषाढात त्यांना ताप भरू लागला. छातीच्या फोटोत डाग दिसला आणि थुंकीत क्षयाचे जंतू एकदाही सापडले नसताना क्षयाची औषधे सुरू झाली. ६ आठवडे ताप हटला नाही. मध्यंतरी एके ठिकाणी रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढलाही होता. पण तो बाहेरून मिसळलेला असावा, असे सांगून आमची बोळवण करण्यात आली. चूक कोणाच्याही हातून होते, हे मला समजते. मात्र १२ वर्षांचा मधुमेह असलेला हा माणूस पोटासाठी काय करतो, हे इतक्या दिवसांत कोणालाच विचारावेसे वाटले नाही, याची चीड अजून जात नाही.

तोच जंतू तुमच्या प्रयोगशाळेत पुन्हा वाढला, तेव्हा तुम्ही तो कचऱ्यात जाऊ दिला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद, सेफ्टी पिनसारखा दिसणारा, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हपुढे टिकाव न धरणारा, एवढ्या खुणांवरून तुम्हाला शंका आली, आणि खात्री करण्याआधी तुम्ही वॉर्डात आलात.

तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रयोगशाळेतील डॉक्टर रोग्याच्या खाटेपाशी आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. तुम्ही चादर बाजूला केलीत, वाकून बाबांच्या टाचांच्या भेगा निरखल्यात आणि म्हणालात, "काका, चिखलात अनवाणीच उतरता ना?" बाबांनी संकोचाने पाय आखडून घेतले, तेव्हा तुम्ही हातमोजा घातलेला हात त्यांच्या घोट्यावर तसाच ठेवलात. इतके दिवस गप्प असलेली आई त्या वेळी पहिल्यांदा रडली.

पुढे थाळीवर जांभळट, कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती उठल्या, त्यांचा फोटो तुम्ही मला दाखवलात. पीसीआर या जनुकीय चाचणीनेही तेच सांगितले. मेलिओइडोसिस! ओल्या मातीत आणि पाण्यात राहणारा, मधुमेह्यांना विशेष ग्रासणारा आणि क्षयासारखा भासणारा हा रोग व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये ओळखून १९१२ सालीच त्याचे वर्णन केले होते, हेही मला तुमच्याकडूनच कळले. औषध बदलले. ताप लगेच उतरला नाही, आणि तो उतरायला आठवडाभरही लागू शकतो, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आम्ही धीर धरू शकलो.

आमच्या सत्तरी तालुक्यात भाताच्या चिखलात उतरणारे आणि साखरेचा आजार असलेले बाबांसारखे अनेकजण आहेत. त्यांच्या रक्ताच्या बाटलीमागे एक माणूस आहे, याची जाणीव तुमच्यासारखी ज्यांना असते, त्यांच्यामुळेच आमच्यासारख्यांची घरे तगतात.

तुम्ही सांगितलेले गमबूट बाबांनी घेतले आहेत. लावणीच्या वेळी ते पायांना जड होतात, अशी त्यांची तक्रार आहे, तरी घालतात. आत्ता ते धुऊन पडवीत उपडे ठेवले आहेत. शिगम्याला घरी या, आई वाट पाहते आहे.

आपला कृतज्ञ,
तुमच्या काकांचा मुलगा