फुकट आहे, पण सांभाळणार कोण?

विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि शाळा-सोसायट्यांतले धडधाकट संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. ते भंगारात देण्याआधी त्यांत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट, खुल्या कोडची प्रणाली घालून पाहावे. लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पत्रे, हिशेब, नोटिसा सगळे होते, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखे दिसणारे) मराठी नीट उमटते आणि परवान्याचा खर्च शून्य.

खरी अडचण जुन्या फायलींची. अप्पा बळवंत चौकात डीटीपी करून घेतलेला जुना मजकूर बहुधा युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतो. तो बदलून घ्यायचा, वर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासायची, कंटाळवाणे काम!

'कोड सगळ्यांना खुला म्हणजे सुरक्षित' हा भाबडेपणाही नको. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये फायली आकसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या खुल्या साधनात घुसवलेली चोरवाट सापडली. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस हौसेने सांभाळत होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून निभावले.

महापालिकेने परवान्यांचे वाचणारे पैसे शाळांतल्या देखभालीच्या माणसावर खर्च करावेत. आणि ज्यांचा धंदा याच कोडवर चालतो, त्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांनी तो सांभाळणाऱ्यांसाठी हात जरा सैल सोडावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे