बाबा, ती वही आता मिटा

प्रिय आई आणि बाबा,

येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "पाऊस लागल्यापासून उपासनेला गेलो नाही. गुडघे टेकून प्रार्थना होत नाही. देवाला काय तोंड दाखवू?" मी तेव्हा विषय बदलला, कारण हे घाईघाईत बोलण्यासारखं नव्हतं. पण ते वाक्य मनातून जाईना. म्हणून सविस्तर लिहायला बसले. बाबा, डोळ्यांना त्रास होत असेल तर आईकडून वाचून घ्या.

तुमची ती लाल कापडी बांधणीची वही माझ्या डोळ्यांपुढे आहे. डावीकडे तारीख, मग शास्त्रपाठाचे अध्याय, मग प्रार्थना, दशांश म्हणजे मिळकतीचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा, शेवटच्या रकान्यात रविवारची उपासना. झालं की निळी खूण, राहिलं की लाल. त्या वहीमुळे आपल्या घरात पवित्र शास्त्र उघडलं नाही असा दिवस गेला नाही. स्तोत्र २३ आणि योहानाचा चौदावा अध्याय मला आजही तोंडपाठ आहेत, ते तुमच्यामुळे. पण महिनाअखेरीस लाल खुणा मोजताना तुमचा चेहरा कसा उतरायचा, तेही मी पाहिलंय. तीच धास्ती माझ्यातही होती. रात्री अंथरुणात पडल्यावर दिवसभरातली पापं आठवून आठवून कबूल करायची. एखादं राहून गेलं आणि झोपेतच मरण आलं तर? हे तुम्ही मला कधीच शिकवलं नाही. तुम्ही स्वतःच त्या ओझ्याखाली होता, आणि मुलं आईबापांचं न बोललेलंही उचलतात.

नोकरीला लागल्यावर एकदा बायबलातलं गलतीकरांस पत्र, प्रेषित पौलानं गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलेलं, सलग वाचलं. तोवर रविवारच्या पाठापुरतं तुकड्यातुकड्यांनीच ऐकलेलं. सहाच अध्याय, एका बैठकीत होतात. पौल आपल्या पत्रांत सहसा आधी देवाचे आभार मानतो. इथे तेवढाही दम धरत नाही, सरळ रागावतोच. का? तर ख्रिस्तावर विश्वास ठेवलेल्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, काही जण सांगत होते की एवढ्यानं भागत नाही, सुंता करा, मोशेचं नियमशास्त्रही पाळा. दुसऱ्या अध्यायात तो अंत्युखियातली गोष्ट सांगतो. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि लोक काय म्हणतील या भीतीनं तो पंगतीतून उठला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं.

बाबा, आपल्या नगर जिल्ह्यात पंगतीतून उठणं म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायला नको. तुमच्या आजोबांना तर गावच्या पंगतीत बसूच दिलं नव्हतं. त्यांना प्रभूच्या मेजावर, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाला, जागा मिळाली ती कुठल्या लायकीवर? वाचता येत नव्हतं, दशांश द्यायला हातात पैसा नव्हता. 'ये' म्हटलं आणि ते आले, एवढंच. आपल्या घराचा सगळा विश्वास तिथून सुरू झाला. मग त्याच मेजापाशी त्यांच्या नातवानं वही काखेत घेऊन, भीत भीत का उभं राहायचं? नियम पाळून नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्त उगाच मेला, असं पौल म्हणतो. इतकं कठोर वाक्य, पण मला त्यानं रडवलं, आणि त्या रात्री मी शांत झोपले.

शाळेत असताना तुम्ही मला केडगावला मुक्ती मिशन बघायला नेलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून विधवा आणि अनाथ मुली कशा आणल्या, ते तुम्ही भरून येऊन सांगितलं. त्याच्या आधीचं मी नंतर वाचलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पण पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान बाई, दुसऱ्यांसाठी राबणारी, आणि आतून अस्वस्थ! पापक्षमा कमवायची नसते, हात पसरून घ्यायची असते, हे बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना उमगलं तेव्हा त्यांचा जीव मोकळा झाला. केडगावचं काम त्याच्यानंतरचं आहे.

तुम्ही म्हणाल, असं सगळं फुकट म्हटलं तर माणूस मोकाट सुटेल. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत तुम्हीच हा प्रश्न विचारायचात, आणि तो खोटा नाही. पौलालाही तो ठाऊक होता. स्वातंत्र्य देहवासनांना मोकळं रान द्यायला वापरू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा, असं तो त्याच पत्रात सांगतो. रमाबाईच बघा ना. ज्या दुष्काळात स्वतःचे आईवडील गेले, तसल्याच दुष्काळात त्या पुन्हा शिरल्या. भीतीपोटी माणूस एवढं करत नाही. माझंही तसंच झालं. धाक गेल्यावर प्रार्थना सुटेल असं वाटलं होतं, उलट आता मला प्रार्थनेची ओढ लागते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या, वाटणी उधळून बापाकडे परतलेल्या धाकट्या मुलावर आपण शेकडो उपदेश ऐकले. मला अलीकडे थोरला जास्त आठवतो. तो घर सोडून गेला नाही, बापाची आज्ञा मोडली नाही, आणि तरी बापाला म्हणतो काय, तर मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरातला मुलगा, आणि हिशेब चाकराचा! बाप त्याच्यावर रागावत नाही. बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, म्हणतो, बाळा, तू सदा माझ्याजवळ आहेस, माझं सगळं तुझंच आहे. बाबा, देव हे तुम्हाला म्हणतोय असं समजून एकदा वाचा. तुम्ही आयुष्यभर त्याच्या घरात आहात. गुडघे दुखतात म्हणून मुलाचा चाकर होत नाही.

आणि आई, तू म्हणालीस की प्रार्थना करताना आता शब्द आठवत नाहीत, मध्येच विसरायला होतं. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढ. आपण कशी प्रार्थना करावी ते आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असं तिथे आहे. नुसतं "बापा" म्हणून गप्प बसलीस तरी चालेल. त्याच अध्यायात 'अब्बा' ही हाक आहे, आणि तिच्या आधी लिहिलंय की पुन्हा भीती बाळगावी असा दास्याचा आत्मा आपल्याला मिळालेला नाही.

पाळकसाहेबांना मी काल फोन केला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली की ते प्रभुभोजन घेऊन घरी येतील, सोबत मंडळीतले दोघेतिघे असतील. बाबा, तुम्ही खुर्चीतच बसा. गुडघे टेकायचा हट्ट धरू नका, डॉक्टरांनी नको म्हटलंय. आई, त्यांच्यासाठी चहा ठेव, पण पोहेबिहे करत बसू नकोस. खायचं मी घेऊन येते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं.

तुमची,
लेक