शुक्रवारच्या फेरीआधी

सांगली,
मंगळवार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी तिकडे बुडापेस्टमध्ये वर्गातल्या पोरांबरोबर गाइडच्या मागे चार बार फिरायला जाणार आहेस, असं आईकडून कळलं. "तुमच्या धंद्यातलं आहे, तुम्हीच लिहा," असं म्हणून ती मोकळी झाली. जाऊ नकोस असं या पत्रात कुठेही नाही, शोधत बसू नकोस. परमिट रूमच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला जे कळतं तेवढंच लिहितो.

आधी तिकीट नीट वाच. अशा फेरीच्या तिकिटात बहुतेक चार गोष्टी असतात: मनगटाला बांधायचा पट्टा, सुरुवातीला एक फुकट शॉट, पहिल्या बारमध्ये तासभर हवं तेवढं प्यायची सोय, आणि शेवटच्या क्लबात रांग न लावता प्रवेश. मधल्या दोन बारमध्ये आपापल्या खिशातून. आता हेच काउंटरच्या आतून बघ. गाइड बारमालकाला एकदम वीस-तीस गिऱ्हाइकं आणून देतो आणि डोक्यामागे त्याला काहीतरी सुटतं. तो फुकटचा तास परवडावा म्हणून ओततात ती सगळ्यात स्वस्त व्होडका किंवा रम, गोड सरबतात बुडवून, ग्लासभर बर्फ घालून. गोड आणि गार मिळून दारूची चव मारतात, त्यामुळे किती गेली हे जिभेला कळत नाही. तास संपायला दहा मिनिटं उरली की गाइड आवाज देतो आणि जो तो दोन्ही हातांत ग्लास घेऊन काउंटरवरून फिरतो. रात्र बिघडते ती इथे. घाईने ढोसलेलं रक्तात पुरतं चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे दुसऱ्या बारच्या दारात पोचेपर्यंत माणूस म्हणतो, "मला काही झालंच नाही," आणि आत जाऊन पुन्हा मागवतो. आमच्याकडे पगाराच्या दिवशी हेच होतं, फक्त गाइड नसतो. तो शेवटचा आवाज आला की तू पाण्याचा ग्लास घे आणि कोट शोधायला लाग.

तिकडे माप डेसिलिटरमध्ये असतं, आणि घोळ तिथेच होतो. एक डेसिलिटर म्हणजे १०० मिली, एक सेंटिलिटर म्हणजे १०. यादीत ०,५ असं स्वल्पविराम घालून लिहिलेलं असेल, तो आपला दशांश. आपल्याकडचा छोटा पेग ३० मिलीचा, ४२.८ टक्क्यांचा, त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे १३ मिली. हेच एकक धर. कोर्शो म्हणजे अर्धा लिटर बियर. ५ टक्क्यांची असेल तर २५ मिली, म्हणजे जवळजवळ दोन पेग. "बियरच तर आहे" म्हणणारे इथेच फसतात. पोहार म्हणजे ३०० मिलीचा ग्लास, सव्वा पेगाच्या आत. ४ सेंटिलिटर पालिंका ४० टक्क्यांची घेतलीस तर १६ मिली, सव्वा पेग, आणि ती एका घोटात जाते हे वेगळंच. शरीर तासाला एक पेगसुद्धा धड जाळत नाही, तुझ्यासारख्या चणीच्या मुलीचं तर नाहीच. नऊला सुरू झालेली फेरी एकपर्यंत चालली, तर तीन पेगांच्या बरोबरीचं पुरे. ते कसे वाटायचे ते तुझं तू ठरव, पण पहिल्या तासात एकाच्या वर नको.

तुझ्यासाठी सगळ्यात सोयीचं पेय हंगेरीत आधीच तयार आहे: फ्रॉच. वाइन आणि सोडा, बाकी काही नाही. सोडा औद्योगिक पद्धतीने बनवायची युक्ती हंगेरीत आन्योश येद्लिक नावाच्या पाद्र्याने काढली, तो पदार्थविज्ञानही शिकवायचा. फ्रॉच हे नाव १८४० च्या दशकातलं. सोडा विकून पोट भरणाऱ्याने येद्लिकला हात जोडायला हवेत. गंमत अशी की दरेक प्रमाणाला वेगळं नाव आहे. किशफ्रॉच म्हणजे एक डेसिलिटर वाइन, एक सोडा. नाज्फ्रॉच म्हणजे दोन वाइन, एक सोडा. होस्सुलेपेश म्हणजे एक वाइन, दोन सोडा; शब्दाचा अर्थ "लांब पाऊल". नाज्फ्रॉच आणि होस्सुलेपेश दोन्हीचा ग्लास सारखाच भरलेला दिसतो, पण पहिल्यात जवळजवळ दोन पेग आहेत आणि दुसऱ्यात एकही पुरता नाही. तू होस्सुलेपेश हा एकच शब्द पाठ कर. हातात मोठा ग्लास राहतो, कुणी आग्रह करत नाही आणि तासभर पुरतो.

पालिंका ही फळांची दारू: जर्दाळू, आलुबुखार, नासपती, चेरी. कायद्याने किमान ३७.५ टक्के. चांगल्या पालिंकाला फळाचा वास आधी येतो, जळजळ मागून. ती ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या ग्लासात देतात आणि फार गार देत नाहीत, कारण गार केली की वास जातो. बर्फासारखी गार शॉटात आली तर समज, वास लपवण्यासारखा आहे. घरी गाळलेली कुणी बाटलीतून पुढे केली तर टक्के किती हे त्यालाही माहीत नसतं, तिला हात लावू नकोस. उनिकुम नावाची काळी, गोल बाटली दिसेल. चव आजीच्या काढ्याची, जोर ४० टक्क्यांचा. काढा समजून पिऊ नकोस, एवढंच.

ग्लास वर करताना "एगेश्शेगेद्रे" म्हणतात आणि डोळ्यांत बघतात. वाइन, पालिंका खुशाल टेकवा; बियरचे ग्लास मात्र जुनी माणसं टेकवत नाहीत. ६ ऑक्टोबर १८४९ ला आराद इथे तेरा हंगेरियन सेनानींना मारलं, तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बियरचे ग्लास टेकवून आनंद केला, अशी समजूत आहे. दीडशे वर्षं टेकवायचे नाहीत अशी शपथ होती म्हणतात. ती मुदत १९९९ ला सरली, सवय राहिली.

निघण्याआधी जेवून निघ. वरण-भात आणि वर चमचाभर तूप, किंवा भाकरी-पिठलं जमत असेल तर उत्तम. तूप-तेल असलं की पोट सावकाश रिकामं होतं, दारू सावकाश चढते. रात्री मध्ये काझिन्त्सी रस्त्यावर १८ नंबरला खाण्याच्या गाड्यांचं आवार आहे, तिथे लांगोश मिळेल: भटुऱ्यासारखी जाड तळलेली पुरी, वर आंबट साय आणि किसलेलं चीज, हवा तर लसूण. चकणा म्हणून तो दोघींत एक पुरतो. नुसत्या खारट शेंगदाण्यांवर बसू नकोस. मीठ तहान वाढवतं, बारवाले ते फुकट का ठेवतात ते मला विचार.

त्याच रस्त्यावर १४ नंबरला सिंप्ला केर्त. रोमकोचमा हा प्रकार म्हणजे शब्दशः "पडका गुत्ता": पाडायला काढलेल्या जुन्या वाड्यांत भंगाराची खुर्च्या-टेबलं मांडून २००२ च्या सुमारास हे सुरू झालं, सिंप्ला आत्ताच्या जागी २००४ पासून आहे. वाड्याच्या चौकात बसलीस की वरच्या गॅलऱ्या बघ, तुला पेठेतला वाडा आठवेल. हा सगळा भाग जुना ज्यू मोहल्ला. दोहान्य रस्त्यावरचं १८५९ चं सिनेगॉग पाच मिनिटांवर आहे, आणि १९४४ च्या हिवाळ्यात याच गल्ल्यांना भिंत घालून हजारो माणसांना आत कोंडलं होतं. आजही शेजारच्या वाड्यांत वर माणसं राहतात, चौकातला आवाज विहिरीसारखा वर घुमतो. त्यांनी कंटाळून २०१८ मध्ये बार रात्री बारानंतर बंद ठेवावेत म्हणून सार्वमत घ्यायला लावलं होतं; मतदान कमी झालं म्हणून ते बाद ठरलं. प्रागने तर २०२४ मध्ये रात्री दहानंतरच्या अशा गाइडच्या फेऱ्याच बंद केल्या. म्हणून गाइड रस्त्यावर "शू" करेल तेव्हा चिडू नका. बाटली हातात घेऊन रस्त्यावर पिऊ नका, त्याचा दंड होतो.

माणूस हरवतो तो बारमध्ये नाही, दोन बारच्या मधल्या वाटेवर. हंगेरीत २०१२ पासून आत सिगारेट ओढायला बंदी आहे, त्यामुळे दर अर्ध्या तासाने निम्मा घोळका बाहेर. गाइड निघताना डोकी मोजतो, पण मोजतो ती दारात उभी असलेली. बाथरूमच्या रांगेतली नाहीत. म्हणून तुम्ही मुलींनी जोड्या करा. जोडीदारीण दिसली नाही तर दारातून हलायचं नाही. पुढच्या बारचं नाव आणि पत्ता निघण्याआधी गाइडकडून लिहून घे, गर्दीत नेटवर्क ऐनवेळी दगा देतं. फोन पूर्ण चार्ज कर, पॉवर बँक छोटी घे. कोट टोकन घेऊन ठेवायच्या जागी ठेवलास तर टोकनाचा फोटो काढ; सकाळपर्यंत कोट तिथे राहिला आणि तू अंगावरच्या कपड्यांत रस्त्यावर, असं नको. दारूने कातडीखालच्या शिरा रुंदावतात, गरम वाटतं, पण अंगातली ऊब बाहेर जात असते.

ग्लास काउंटरवरून स्वतः घे. टेबलावर सोडून नाचायला गेलीस तर परत आल्यावर तो ओतून दे. पैसा गेला म्हणून हळहळू नकोस. काही बारमध्ये प्लास्टिकच्या कपासाठी अनामत घेतात, कप परत केला की मिळते.

पैशाचं थोडक्यात: कार्डाच्या मशिनने युरो की फोरिंट (तिथलं चलन) विचारलं तर फोरिंट. बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर वर टीप द्यायची नाही. आणि कुणी गोड बोलून फेरीबाहेरच्या बारमध्ये नेऊ लागलं तर आधी दरांची यादी, "इतलॉप", मागायची. यादी नाही तर बसायचं नाही. यादीशिवायच्या जागी तीन ग्लासांचं बिल महिन्याच्या भाड्याएवढं झाल्याची उदाहरणं आहेत आणि दारात दणकट माणूस उभा असतो.

औषधांचं आई सांगणार होती, मीच लिहितो. जुलाबावर मेट्रोनिडाझोल चालू असेल किंवा नुकतं संपलं असेल तर थेंबही नको, मळमळ आणि धडधड होते. सर्दीची सेटिरिझिन घेतली असेल तर झोप दुप्पट येते. डोकं दुखेल म्हणून रात्रीच पॅरासिटामॉल घेऊन झोपू नकोस, त्याचा भार यकृतावर पडतो, पाणी पी.

बरोबरची कुणी जास्त झाली तर कॉफी, गार पाण्याची अंघोळ, घशात बोट, यातलं काहीही नाही. कुशीवर झोपवा, तोंड किंचित खाली, आणि कुणीतरी शेजारी बसा. हलवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा मध्ये दहा सेकंद थांबत असेल, ओठ निळसर, हात गार पडलेले, तर वाट बघायची नाही: ११२. "झोपली की उतरेल" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पोटातलं अजून रक्तात चढत असतं.

परत येताना मेट्रो बंद झालेली असेल. मोठ्या वर्तुळ रस्त्यावरून ६ नंबरची ट्राम रात्रभर चालते, तो तुमचा मुख्य आधार; रात्रीच्या बसचे नंबर नऊशेने सुरू होतात. टॅक्सी सगळ्या पिवळ्या. रस्त्यात हात करून थांबवायची नाही, ॲपवरून बोलवायची. भाड्याच्या स्कूटरवर दोघी-दोघी चढून जायचा उद्योग करू नका, दगडी रस्ता आणि ट्रामचे रूळ आहेत. राहण्याच्या परवान्याचं कार्ड मूळ प्रत जवळ ठेव, फोटो चालत नाही.

रविवारी सकाळी त्याच सिंप्ला केर्तच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, चीज, मध, भाज्या. डोकं ठिकाणावर असेल तर जाऊन ये. आईला बाजाराचा फोटो हवा आहे. मला काउंटरवरच्या सोड्याच्या नळाचा पाठव, जवळून, तोटीचा आकार दिसेल असा.

तुझे,
बाबा